बोडीत एच नाही

पीएच.डी.ला नाव नोंदवून मला इतकी वर्षं झाली की आता स्टाफरूममध्ये कोणी त्याची चौकशीही करत नाही. आधी करायचे. "कुठपर्यंत आलं मॅडम?" असं कोणी म्हटलं की मी "चाललं आहे" म्हणायची आणि दोघंही चहाकडे वळायचो. मग बरोबरचे एकेक जण डॉक्टर झाले, त्यांच्या दारावरच्या पाट्या बदलल्या, आणि मला विचारणं आपोआप बंद झालं. मुलीचं लग्न जमत नसलं की एका वयानंतर तिच्या बापाला कोणी काही विचारत नाही, तसं. मला वाईट वाटत नसे असं नाही. पण रोज वाईट वाटून घ्यायलाही अंगात ताकद लागते.

मी भूगोल शिकवते. राहते आरमोरीला, कॉलेज कुरखेड्याला, नवरा ऊर्जानगरला वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये. तो सुट्टीला येतो, पंख्याखाली झोपतो आणि जातो. घरी मी आणि माझी माय. मायचे गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे. सकाळची एसटी, तास, पेपर, कसले कसले अहवाल, पुन्हा एसटी. मध्येच हत्तींचा कळप रस्त्याच्या कडेला आला की गाडी थांबते, आणि सगळे जण मोबाइल काढून खिडकीशी गर्दी करतात. मी डोळे मिटून घेते. संशोधन म्हणे उरलेल्या वेळात करायचं असतं. उरलेला वेळ हा शब्द ज्याने शोधून काढला त्याला एकदा माझ्याकडे पाठवा.

माझा विषय होता बोडी. बोडी म्हणजे काय हे आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या झाडीपट्टीत कोणालाच सांगावं लागत नाही, आणि बाहेर प्रत्येकाला सांगावं लागतं. धानाच्या शेतांच्या वरच्या अंगाला, उताराचं पाणी अडवून केलेलं लहान तळं म्हणजे बोडी. तलाव गावाचा असतो, बोडी एखाद्या घराची असते. तिच्या खाली पायऱ्यांसारख्या उतरत जाणाऱ्या बांध्या, म्हणजे बांध घातलेले धानाचे तुकडे. पावसाने दडी मारली की बोडीचं पाणी सोडतात. ते आधी वरच्या बांधीत, मग तिच्या खालच्या, असं करत करत टोकाला जातं. किंवा जात नाही. ते टोकाला कधी पोचतं आणि ते कोण ठरवतं, एवढाच माझा प्रश्न होता.

हा प्रश्न मी पुस्तकातून काढलेला नव्हता. माय-बाबांच्या दोन बांध्या होत्या, दुसऱ्याच्या बोडीच्या अगदी टोकाला. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, जमीन त्याच्याही नंतर घेतली, आणि उशिरा येणाऱ्याला टोकाचीच मिळते. एका साली धान लोंब धरायच्या वेळी पाऊस गेला. बोडी भरलेली होती. माय रोज पाळीवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, जाऊन उभी राहायची, हात जोडायची. वरच्यांचं झालं की सोडू, असं तिला सांगायचे. वरच्यांचं काही होईना. आमचं धान उभ्या उभ्या वाळलं. त्यानंतर बाबा वीज केंद्रात मजुरीला गेले, पुढे कायम झाले, आणि मी ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढले, जिथे नळ उघडा राहिला तरी कोणी ओरडत नसे. म्हणजे मी प्राध्यापक झाले ती एका अर्थाने त्या वाळलेल्या धानामुळे. पण प्रबंधाच्या प्रस्तावनेत असं लिहिता येत नाही. तिथे 'पाणीवाटपातील विषमता' असं लिहावं लागतं.

माझे मार्गदर्शक माणूस म्हणून चांगले. निवृत्तीला आलेले, रक्तदाबाचे, आवाज कधी न चढवणारे. मी टोकाच्या बांध्यांवरच्या बायकांच्या मुलाखती घेऊन गेले की ते सगळं वाचायचे, मान डोलवायचे आणि शेवटी चष्मा काढून म्हणायचे, "मॅडम, हे सगळं ठीक. पण संबंधित संशोधन कुठे आहे?" संबंधित संशोधन म्हणजे तुमच्या विषयावर आधी कोणी कोणी काय लिहून ठेवलंय ते. जे कोणीच लिहिलेलं नाही ते तुम्हाला लिहायचं असेल, तर आधी ते कोणी लिहिलंय हे दाखवावं लागतं. यातलं घोडं कुठे पेंड खातं हे मला अजून कळलेलं नाही. पण नियम आहे. बाकीचे नियमही होते: एक छापील निबंध हवा, समितीसमोर सादरीकरण हवं, आणि मिळालेली मुदतवाढ शेवटची. यातलं एक जरी कमी पडलं तर नोंदणी रद्द, आणि इतक्या वर्षांचं सगळं पाण्यात.

आमच्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे एक सर आहेत. कुरखेड्याजवळच्याच खेड्यातले, घरचं धान, घरची बोडी, बोडीत घरचे मासे, आणि संशोधनही माशांच्या रोगावर. आयुष्यात त्यांना काही अडलं नाही, त्यामुळे स्वभाव मोकळा. एक दिवस त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं.

"मॅडम, इकडे या. तुमाले सोयरीक पाहाचं मशीन दाखवतो."

पडद्यावर पांढऱ्या जागेत गोल ठिपके होते आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक रेघा. ते एक संकेतस्थळ होतं. त्यात एक निबंध टाकला की त्याच्या नात्यातले निबंध ते स्वतःच शोधतं आणि भोवती मांडून दाखवतं. ज्याचा उल्लेख जास्त जणांनी केला तो ठिपका मोठा. नवा निबंध गडद, जुना फिका. नातं जितकं जवळचं तितके ठिपके जवळ.

"पन नातं याले समजते कसं?" मी विचारलं. सरांशी बोलताना माझीही भाषा घरची होते.

"दोन निबंधाच्या शेवटी तेच ते संदर्भ असले, नाई त दोघायचं नाव तिसऱ्यानं एकाच जागी घेतलं, की ते जवळचे. आपल्याकडे नाई का, कोनाच्या लग्नात कोन जेवाले होतं ते पाह्यलं की समजते कोन कोनाचं. तसंच हे."

मी हसले. किती दिवसांनी हसले होते कुणास ठाऊक. सरांनी त्यांच्या माशांचं जाळं दाखवलं. पडदा ठिपक्यांनी भरून गेला. "माहे सोयरे पाहा, पार जपानपर्यंत आहेत," ते म्हणाले. मग खुर्ची सोडून त्यांनी मला बसवलं.

मी इंग्रजीत टाइप केलं: बी, ओ, डी, आय. मशीनने उलट विचारलं, तुम्हाला 'बोधी' म्हणायचं आहे का? मी नाही म्हटलं. मग त्याने आफ्रिकेतली त्या नावाची एक जमात दाखवली आणि तमिळनाडूतलं एक गाव. मी 'तलाव', 'सिंचन' असे शब्द टाकून पाहिले, तेव्हा दक्षिणेतल्या तळ्यांचे निबंध उठून आले, एकमेकांना बिलगून, घट्ट. इतकी माणसं त्या तळ्यांवर लिहून गेली होती की मला हेवा वाटला. आमच्या बाजूचं त्यात काही नव्हतं.

"आपले जिल्हे कुठी गेले?" मी म्हटलं.

"जंगलात असन," सर म्हणाले आणि त्यांनी 'वाघ' टाकला. लगेच चंद्रपूर-गडचिरोली उजळले. वाघाला सोयरे भरपूर. मलेरियालाही होते, कोळशाच्या राखेलाही होते. धानाला पाणी देणाऱ्या बोडीचं मात्र त्या सगळ्या जगात कोणी नव्हतं.

पुढे कित्येक दिवस मी ते उघडत राहिले. एसटीची वाट पाहताना, पेपर तपासून डोळे दुखायला लागले की, माय टीव्हीवर मालिका बघत असताना. एक निबंध टाकायचा, त्याचे शेजारी बघायचे, एका शेजाऱ्याच्या घरात शिरायचं, तिथून पुढच्याच्या. सवयीचं झालं तसं ते जाळं मला वाचता यायला लागलं. कोणता ठिपका नुसता मोठा आहे आणि कोणता दोन वस्त्यांच्या मध्ये उभा राहून दोघांना जोडतो, हे दिसायला लागलं. आणि एक गोष्ट कळली. या जाळ्यात जागा विषयाला मिळत नाही, ओळखीला मिळते. तुमचं नाव कोणीतरी घ्यावं लागतं.

हे मी मार्गदर्शकांना सांगितलं तर ते पहिल्यांदाच उत्साहात आले. "मग तुम्ही स्वतःच एक निबंध छापा ना. नियम पूर्ण होईल आणि तुमचाही ठिपका येईल तिथे." खोटं कशाला बोलू, मला ती कल्पना फार आवडली. दक्षिणेतल्या तळ्यांच्या कडेला एक लहानसा, गडद, आमच्याकडचा ठिपका. मी सगळ्यात भक्कम प्रकरण निवडलं, बायकांच्या मुलाखतींचं. ते इंग्रजीत करताना माझ्या नाकी नऊ आले. 'बोडी' हा शब्द मी तसाच ठेवला आणि पहिल्याच पानावर त्याचा अर्थ दिला. मार्गदर्शकांनी त्याला मथळा दिला, भारदस्त आणि लांबलचक, आणि एका नियतकालिकाकडे पाठवून दिला.

छापून आला तेव्हा मी निवडणुकीच्या ड्यूटीवर होते. जंगलातल्या एका शाळेत, मतदान यंत्रांशेजारी, डासांत. परत येताना नेटवर्क आलं तेव्हा मोबाइलवर दुवा दिसला. मी मथळा पाहिला, खाली माझं नाव पाहिलं, बराच वेळ पाहिलं आणि मग झोप लागली. घरी आल्यावर मायने शेजारीपाजारी पेढे वाटले. तो निबंध मी पुन्हा उघडला नाही. स्वतःचंच लिहिलेलं छापील वाचायला बसण्याइतकी मी ताजी कधीच नव्हते.

वर्ष उलटून गेलं आणि सादरीकरणाची तारीख आली. मार्गदर्शक म्हणाले, ते ठिपक्यांचं चित्र घ्या, समितीला असलं आवडतं, आणि मध्यभागी तुमचा निबंध ठेवा. मी सरांच्या प्रयोगशाळेत बसले, माझा निबंध टाकला आणि वाट पाहिली.

माझा ठिपका आला. त्याच्या भोवती बरेच ठिपके आले. मला वाटलं, चला, तळ्यांनी जवळ केलं एकदाचं. मग मी नावं वाचली. पिंपळाचं पूजन. धर्मांतर आणि प्रतीकं. तीर्थस्थळं. स्तूपांचा जीर्णोद्धार. दक्षिणेतली तळी दूर कोपऱ्यात, एका बारीक रेघेवर लोंबकळत होती.

"सर, मशीन बिघडलं तुमचं."

सरांनी वाकून पाहिलं. मग ज्यांनी माझं नाव घेतलं होतं त्यातला एक निबंध उघडला, त्यातली ओळ वाचली, आणि माझा निबंध उघडला. ते एक पान खाली गेले, दोन पानं गेले.

"मॅडम, तुमी बोधी काऊन लिहिलं?"

"कुठी?"

"कुठी म्हनजे? सगळीकडंच."

मी पाहिलं. बोडी कुठेच नव्हती. जिथे जिथे मी बी-ओ-डी-आय लिहिलं होतं तिथे तिथे मध्ये एच घुसला होता, आणि पहिलं अक्षर मोठं झालं होतं. मी दिलेला अर्थही कोणीतरी सुबक करून टाकला होता: बोधी, स्थानिक बौद्ध समाजाशी निगडित पारंपरिक जलाशय. दूर कुठल्यातरी शहरात भाषा तपासणाऱ्या कुणीतरी माझं आडनाव पाहिलं असणार, बाईंचा एच राहिला असं त्याला वाटलं असणार, आणि बिचाऱ्याने उपकार केला असणार. मोठा कनवाळू माणूस.

"तिथी 'ध'चा 'मा' झाला होता," सर म्हणाले, "इथी 'ड'चा 'ध' झाला." आणि ते मोठ्याने हसले. एकटेच हसत आहेत हे लक्षात आल्यावर थांबले. "सॉरी मॅडम," ते म्हणाले, आणि उठून उगीचच माशांच्या टाकीत खाणं टाकून आले.

त्या दिवशी मी माझा निबंध पहिल्यांदा पूर्ण वाचला. त्यात बोधीत म्हशी धुतल्या जात होत्या. बोधीचा गाळ उन्हाळ्यात उपसला जात होता. बोधीत शिंगाडे लागत होते आणि बोधी वरच्या घराच्या मालकीची होती. एरवी मी हसून लोळले असते. मला बोधी शब्दाचा राग नव्हता, कसा असेल? आमच्या घरात रोज वंदना होते, मायचा दिवस त्याशिवाय उगवत नाही. पण बोधी बोधीच्या जागी आणि बोडी बोडीच्या जागी. पुढे एके ठिकाणी मायचं बोलणं होतं. बाकीच्या बायकांसारखीच तिचीही मुलाखत मी घेतली होती, नाव न देता. ती म्हणाली होती, "बोडीचं पानी आमच्याइथी सगळ्यात शेवटी ये. आलं त आलं." छापील पानावर त्याचं झालं होतं, 'बोधीचं पाणी आमच्यापर्यंत सर्वात शेवटी पोचलं.' ज्यांनी ज्यांनी माझं नाव घेतलं होतं, त्यातल्या बहुतेकांनी हीच ओळ उचलली होती. तिथल्याच समाजातली संशोधक लिहिते म्हटल्यावर शंका कोण घेणार? ज्या बोडीच्या पाळीवर माझ्या मायने हात जोडले, ती आता आमचीच झाली होती, आणि त्याला पुरावा मी.

मी मार्गदर्शकांना फोन केला.

"छपाईपूर्वीची प्रत आली होती माझ्याकडे," ते म्हणाले. "मी प्रवासात होतो. न वाचताच होकार कळवला. माझी चूक आहे."

"आता काय करायचं सर?"

"आता काही नाही. दुरुस्ती छापून यायला कितीतरी महिने लागतात. निबंध मागे घेतला तर नियमातला निबंध जातो, आणि मुदत संपते आहे. आधी पदरात पाडून घ्या. मग दुरुस्ती करू, मी स्वतः लिहीन. आणि ते चित्र दाखवा. त्यात तुमच्या निबंधाला सोयरे दिसतायत ना? तेच हवंय त्यांना."

त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. मी फार थकले होते. मला नावामागे डॉक्टर लावून मिरवायचं नव्हतं, मला फक्त हे संपायला हवं होतं. रविवारी उठावं आणि डोक्यावर प्रबंध नसावा, एवढंच. मी गप्प बसायचं ठरवलं. मायला मी यातलं काहीच सांगितलं नाही. ती विचारत होती, साडी कोणती नेसशील, आणि स्वतःच उत्तर देत होती, पांढरी नेस.

समितीची खोली थंडगार होती. लांब टेबल, पाण्याच्या लहान बाटल्या, काजूची बशी. मी बोडीचे फोटो दाखवले, नकाशे दाखवले आणि शेवटी ठिपक्यांचं चित्र लावलं. सगळे पुढे सरकले. एका बाईंनी विचारलं, हे कसं काढतात, आमच्याही विद्यार्थ्यांना सांगा. मी लग्नातल्या जेवणाचं उदाहरण दिलं. हशा पिकला. मार्गदर्शकांच्या चेहऱ्यावर इतक्या वर्षांत न पाहिलेली शांतता होती. मला वाटलं, झालं. आता चहा येईल.

अध्यक्ष बाहेरून आलेले होते. वयस्कर, सुती सदरा, बोलणं मऊ. त्यांच्यासमोर माझ्या निबंधाची प्रत होती, पेन्सिलीने खुणा केलेली. त्यांनी खरंच वाचला होता, मी स्वतः वाचला नव्हता तेव्हा.

"एक सांगायचंय," ते म्हणाले. "या एका वाक्याने मला हलवलं." आणि त्यांनी ते वाचलं. "'बोधीचं पाणी आमच्यापर्यंत सर्वात शेवटी पोचलं.' वा! खेड्यातली एक बाई, आणि केवढं रूपक! अडीच हजार वर्षांचा प्रवाह, आणि तो शेवटच्या माणसापर्यंत पोचतो. उशिरा, पण पोचतो. एका ओळीत तिने सगळं सांगितलं."

टेबलाभोवती माना डोलल्या. मार्गदर्शकांनी माझ्याकडे पाहिलं. आता फक्त धन्यवाद म्हणा, असं त्या पाहण्यात होतं. मी तोंड उघडलं ते धन्यवाद म्हणायलाच.

"सर, ते रूपक नाही."

"म्हणजे?"

"ती बाई माझी माय आहे. तिने बोधी म्हटलंच नाही. बोडी म्हटलं. बोडी म्हणजे तळं. पाणी म्हणजे खरंखुरं, शेताला द्यायचं पाणी. आणि ते पोचलं नाही सर. आमचं धान वाळलं."

कोणीतरी बाटलीचं झाकण फिरवत होतं, ते थांबलं. मला वाटलं होतं माझा आवाज कापेल. तो कापला नाही, तास घेताना असतो तसाच होता, वाईट म्हणजे थोडा कंटाळलेलाच. मी सांगितलं की शब्द छपाईत बदलला आहे, सगळीकडे, आणि ज्यांनी माझा निबंध वापरला त्यांनी तो चुकीचा अर्थ धरून वापरला आहे. पडद्यावरचं चित्र अजून तसंच होतं.

अध्यक्ष चिडले नाहीत. चिडले असते तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. "मग हा छापील निबंध ग्राह्य धरू नये, असं तुम्हीच म्हणताय?"

"हो सर."

"आणि हे जाळं?"

"तेही नाही."

"मग तुमच्या विषयाला संबंधित असं संशोधन काय उरलं?"

"काही नाही सर. पहिल्यापासून नव्हतंच."

मला बाहेर बसायला सांगितलं. आतून आवाज येत होते, मार्गदर्शकांचा सगळ्यात जास्त. ते माझ्या बाजूने बोलत होते हे मला ऐकू येत होतं. पण नियमाला काय करणार? मुदत संपत होती आणि हातात निबंध नव्हता. मार्गदर्शक बाहेर आले, माझ्याशेजारी बाकावर बसले आणि त्यांनी चष्मा काढला.

"एका एचसाठी, मॅडम," ते म्हणाले. रागाने नाही. मी त्यांची शेवटची विद्यार्थिनी होते, त्यांनाही हे संपायला हवं होतं.

"हो सर," मी म्हटलं. त्यांनी काजूची एक पुडी माझ्या हातात दिली, मीटिंगमधून उचललेली, आणि जिना उतरून गेले.

आरमोरीला पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. माय अंगणात सूप घेऊन लाखोळीची डाळ निवडत बसली होती. तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि साडीला माती लागेल म्हणून पोतं सरकवून दिलं.

"नाई झालं?"

"नाई झालं, माय."

"काऊन?"

मी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. एच म्हणजे काय ते जमिनीवर बोटाने काढून दाखवलं. बोडीची बोधी झाली, त्यात म्हशी धुतात असं छापलंय, हे ऐकल्यावर ती तोंडाला पदर लावून हसायला लागली. "बोधीत म्हशी," असं पुन्हा पुन्हा म्हणत हसली. मलाही हसू आलं आणि हसता हसता रडू आलं, आणि ते थांबवायचा मी प्रयत्न केला नाही. तिने मला रडू दिलं. मग मी अध्यक्ष काय म्हणाले ते सांगितलं, आणि मी काय म्हटलं तेही.

तिचा हात सुपात थांबला.

"तुनं सांगतलं? वाळलं म्हनून?"

"हो."

"त्या सगळ्या मोठ्या लोकायसमोर?"

"हो माय. त्याच्यानंच त गेलं सगळं."

डाळीतले खडे काढून तिने बाजूला टाकले.

"त्या साली पटवारी आलता, पिकं पाहाले," ती म्हणाली. "पाळीवर उभा राह्यला. म्हने बोडी त भरून आहे, इथी कायचं नुकसान? मी म्हटलं, भाऊ, खाली उतरून पाहा. नाई उतरला. तिथूनच लिहून गेला. कागदावर आपलं धान त्या साली पिकलंच आहे, बाई. आजपर्यंत पिकूनच होतं."